चाक वाकलंय, की तडा गेलाय?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं हे बोलणं श्रोत्या मैत्रिणींनी लेखी मागितलं, म्हणून इथे छापत आहोत.)



पावसाळा लागला की आमच्याकडे एकाच तऱ्हेचे प्रश्न घेऊन बाया येतात. गाडी खड्ड्यात आदळली, चाक वाकलं. टायरवाला म्हणतो, ठोकून देतो, घेऊन जा. गॅरेजवाला म्हणतो, नवीनच टाका. ड्रायव्हर म्हणतो, काही झालेलं नाही, चालतंय तोवर चालवू. तिघांची तीन तोंडं, आणि पैसे मात्र गटाच्या पेटीतून जायचे. बरं, त्याच गाडीत उद्या आपल्यातल्याच सहा जणी बसून तालुक्याला जाणार असतात. एखादीला रात्री कळा सुरू झाल्या तर तीच गाडी दारात लागते. म्हणून हा नुसता पैशाचा प्रश्न नाही, आणि तो एकट्या ड्रायव्हरवर सोडून देण्यासारखाही नाही.

आमचं घरचं टायरचं दुकान आहे. टायर काढणं, चढवणं, बॅलन्सिंग ही कामं मी स्वतः करते. "ताई, तुम्हाला काय कळतंय गाडीतलं," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचं काही वाटत नाही. चाकाचं जे कळायला लागतं ते स्वयंपाकघरात भांडी हाताळणाऱ्या बाईला निम्मं आधीच ठाऊक असतं. कसं ते सांगते.

आधी नावं नीट लावून घेऊ. गाडीचं चाक म्हणजे दोन वस्तू. बाहेरून रबराचा टायर आणि आत धातूचा गोल. या आतल्या गोलाला कुणी रिम म्हणतं, कुणी रिंग, कुणी डिस्क. मी रिम म्हणेन. रिमला दोन्ही बाजूंनी बाहेर वळलेली कड असते, परातीला काठ असतो ना, तशी. टायर या दोन कडांच्या मध्ये घट्ट बसतो. आणि रिमच्या मध्यभागी भोकं पाडलेली ताटली असते, तिच्यातून बोल्ट जातात आणि चाक गाडीला जोडलं जातं. काठ आणि ताटली, हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा निर्णय, मार काठाला लागलाय की ताटलीला, यावर फिरणार आहे.

आता रिम दोन जातींची. एक लोखंडी, म्हणजे पोलादी पत्र्याची. जाड पत्रा गोल वळवून सांधतात आणि त्यात दाबून आकार दिलेली ताटली वेल्डिंगने बसवतात. दुसरी अलॉयची, तिला आपल्याकडे मॅकव्हील म्हणतात. ती अ‍ॅल्युमिनियमची. अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं सिलिकॉन, थोडं मॅग्नेशियम मिसळून तो रस साच्यात ओततात. मग ती ठरलेल्या तापमानाला तापवून, विझवून, पुन्हा मंद आचेवर ठेवून तिच्यात कडकपणा आणतात. म्हणजे एक पत्र्याची, दुसरी ओतीव.

पितळेची घागर हातातून निसटली तर काय होतं? पोचा पडतो. तांबट आतून लाकडी ठोकणं घालून तो पोचा काढून देतो, आणि घागर पुन्हा पाण्याला जाते. बिडाचा तवा निसटला तर काय होतं? त्याला पोचा पडत नाही. तो तडकतो. तडकलेला तवा कुणी सांधून वापरत नाही. लोखंडी रिम घागरीच्या अंगाची आहे आणि अलॉय बिडाच्या तव्याच्या अंगाची. अगदी तंतोतंत नाही, अलॉयचीही कड वाकते, विशेषतः आतल्या बाजूची, जी उभं राहून दिसत नाही. पण तिची वाकण्याची सोस कमी, आणि वाकता वाकता ती कुठे तडकली हे नुसत्या नजरेला कळत नाही.

आपली रिम कोणत्या जातीची हे ओळखायला लोहचुंबक पुरे. लोखंडीला चिकटतं, अलॉयला चिकटत नाही. नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. पुष्कळ गाड्यांच्या लोखंडी रिमवर चांदीच्या रंगाचं प्लॅस्टिकचं झाकण असतं, आणि आपल्याला वाटतं मॅकव्हील आहे. झाकण काढा, मग चुंबक लावा.

आता मुळात चाक वाकलंय हे कळायचं कसं? गाडी बोलते. ठराविक वेगाला, बहुतेकदा 60 ते 80च्या मधे, पुढचं चाक बिघडलं असेल तर स्टिअरिंग हातात थरथरतं. मागचं बिघडलं असेल तर स्टिअरिंग शांत, पण सीटखालून हादरे येतात. दुसरी खूण म्हणजे एकाच चाकाची हवा दर दोन-चार दिवसांनी उतरते आणि पंक्चर मात्र सापडत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये हवा धरून ठेवायचं काम टायर आणि रिमची कड मिळून करतात. कड वाकली की फट राहते, तिथून हवा जाते. तिसरी खूण, बॅलन्सिंगला बसवल्यावर वजनांवर वजनं लावावी लागतात.

पण थरथर झाली म्हणजे रिमच वाकली, असं नाही. पावसाळ्यात तर आधी चाकाच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला चिखल बघा. चार बोटं चिखल एका बाजूला चिकटला तरी चाक तेवढंच डग मारतं. पाण्याने धुतलं की आजार बरा. कधी बॅलन्सिंगचं वजन निसटून पडलेलं असतं. कधी टायरच्या कुशीला फुगा आलेला असतो, गळवासारखा. तो फुगा म्हणजे टायरच्या आतले धागे तुटलेत. त्यावर इलाज नाही, टायर बदलायचा, रिम कितीही चांगली असली तरी. आणि गाडी थरथरत नाही पण एका बाजूला ओढते, तर ते अलाइनमेंटचं किंवा हवेचं दुखणं असतं, त्यासाठी कुणी रिम गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करा. दुसऱ्या चाकांना बैलगाडीला उटी लावतो तसे दोन्ही बाजूंनी दगड लावा. मागचं चाक बघायचं असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांचे दगड पक्के हवेत. जॅक लावून चाक जमिनीपासून दोन बोटं उचला. गाडीखाली हात-पाय कुणी घालायचे नाहीत. मग विटांच्या थरावर एक काडी अशी टेकवून ठेवा की तिचं टोक रिमच्या काठाच्या अगदी जवळ येईल, पण लागणार नाही. चाक हाताने हळू फिरवा. काडी आणि काठ यांतलं अंतर सगळीकडे सारखं राहिलं तर काठ सरळ आहे. कुठे काडी घासली, कुठे अंतर पडलं, तर तिथे खडूने खूण करा. एकदा काडी बाजूने धरून बघा, एकदा वरून. बाजूने अंतर बदललं तर चाक डोलतंय. वरून बदललं तर गोलाई गेली आहे, चाक अंडाकृती झालंय. काठाची आतली बाजूही विसरू नका.

किती फरक चालतो? दुकानात हे डायल गेजने मोजतात. प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी असते, पण ती साधारण 1 मिलिमीटरच्या आसपास येते, अलॉयला त्याहूनही कमी. रुपयाचं नाणं दीड मिलिमीटर जाड असतं. म्हणजे काडी आणि काठाच्या मधल्या अंतरात एका जागी नाण्याइतका फरक दिसला तर ती रिम दुकानात न्यायलाच हवी. डोळ्याला सहज दिसणारं वाकणं हे चाकाच्या हिशोबात फार मोठं असतं.

अजून एक. कधी रिम ठीक असते आणि ती ज्या हबवर बसते तो हब वाकलेला असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. ते चाक काढून दुसऱ्या बाजूला लावायचं. डोलणं चाकाबरोबर गेलं तर दोष रिमचा. जागेवरच राहिलं तर हबचा किंवा बेअरिंगचा. ही परीक्षा न करता नवीन रिम घेतली तर पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

आता मुद्द्याचं. दुरुस्ती की नवीन, हे ठरवताना बाया पहिला प्रश्न विचारतात, खर्च किती? मी म्हणते, तो प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, तडा आहे का? दुसरा, मार कुठे लागलाय? या दोन्हींची उत्तरं बरी आली तरच तिसऱ्याकडे जायचं. कारण वाकलेली रिम सहसा हळूहळू त्रास देते. थरथरते, हवा सोडते, टायर झिजवते. तडकलेली रिम मात्र एखाद्या दिवशी, भरल्या गाडीत, घाटाच्या उतारावर एकदम सुटते. टायरमधली सगळी हवा एका दमात जाते आणि गाडी हातात राहत नाही.

तडा शोधायला टायर रिमवरून काढलाच पाहिजे. टायर चढलेला असताना "बघितलं, काही नाही" असं जो म्हणतो त्याने बघितलेलं नसतं. रिम धुवायची, कोरडी करायची, उन्हात किंवा बॅटरीच्या उजेडात फिरवून बघायची. खास चार जागा बघायच्या. वाकलेल्या काठाची आतली बाजू, आरे जिथे गोलाला मिळतात ते सांधे, बोल्टच्या भोकांच्या कडा, आणि लोखंडी रिम असेल तर ताटलीचं वेल्डिंग. केसासारखी रेघ दिसली आणि ती रंगाची की तड्याची हे कळेना, तर एक जुनी युक्ती आहे. त्या जागी थोडं डिझेल किंवा रॉकेल लावायचं, पाच-दहा मिनिटांनी स्वच्छ पुसायचं, आणि वरून खडूची पूड फासायची. तडा असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. नुसता ओरखडा असेल तर असं होत नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये हेच काम लाल रंगाच्या द्रावाने आणि पांढऱ्या फवाऱ्याने करतात. तपासणी झाली की तेल साबणाने धुऊन टाका, रबराला तेल सोसत नाही.

तडा सापडला की माझ्या लेखी विषय संपला. ती रिम पुन्हा गाडीला लागायची नाही. अलॉयचा तडा वेल्डिंग करून देणारे आहेत, आणि वरून रंग मारला की कुठे सांधलं ते दिसतसुद्धा नाही. पण वेल्डिंगच्या आचेने त्या जागेभोवतालचा कडकपणा निघून जातो, तो कारखान्यात परत दिल्याशिवाय येत नाही. आऱ्यावर किंवा बोल्टच्या भोकापाशी वेल्डिंग केलेलं चाक मी माझ्या घरच्या गाडीला लावणार नाही, म्हणून तुम्हालाही सांगणार नाही.

इथेच ट्यूबची गोष्ट सांगायची आहे. ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रिममधून हवा जायला लागली की गावाकडे सर्रास एक उपाय सांगतात, "ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून देतो, दोनशे-तीनशेत काम होईल." हवा जायची थांबते, आणि सगळे खूश. पण हवा का जात होती? काठ वाकला होता, की रिम तडकली होती? ट्यूब टाकली की दोन्हींचं तोंड सारखंच बंद होतं. उतरणारी हवा ही रिमने दिलेली वर्दी असते. ती ऐकायच्या आधीच आपण बंद करून टाकतो, आणि तडा आत वाढत राहतो. कारण शोधून, तडा नाही हे बघून, मग तात्पुरती ट्यूब टाकली तर निदान आपण काय करतोय ते आपल्याला माहीत असतं. कारण न शोधता टाकली तर तो इलाज नव्हे. गंजलेल्या लोखंडी रिममधूनही हवा जाते. तिथे काठ घासून, गंज काढून, रंग देऊन टायर पुन्हा बसवला की काम होतं, ट्यूब लागत नाही.

दुसरा प्रश्न, मार कुठे लागलाय? काठ वाकलेला, तडा नाही, तर दुरुस्ती करता येते. लोखंडीला तर बिनदिक्कत. ताटली वाकली असेल, बोल्टची भोकं लांबट झाली असतील, वेल्डिंग सुटलं असेल, तर लोखंडी असो की अलॉय, ती रिम बाद. ताटली म्हणजे चाकाचा पाया आहे. तो ठोकून सरळ केलेला दिसला तरी बोल्ट तिथे पूर्ववत बसत नाहीत, आणि सैल झालेला बोल्ट काय करतो ते सांगायला नको. एकाच जागी आधी एकदा दुरुस्ती झालेली असेल तर दुसऱ्यांदा करू नका. तार दोन-चारदा मागे-पुढे वाकवली की तुटते, तोच न्याय इथे.

आता तिसरा प्रश्न, खर्चाचा. आकडे गावोगाव वेगळे, म्हणून मी समजुतीपुरते धरते. समजा लोखंडी रिमचा काठ सरळ करायला 500 रुपये सांगितले आणि तीच नवीन रिम 2,000 रुपयांना आहे. दुरुस्ती करून घ्यावी. समजा दुरुस्ती 1,300 सांगितली. मग मी नवीन घेईन, कारण दुरुस्त रिमचं आयुष्य नव्याइतकं नसतं आणि टायर काढा-चढवायचं, बॅलन्सिंगचं पैसे तर दोन्हीकडे सारखेच जाणार. दुरुस्ती नव्याच्या निम्म्यापेक्षा वर गेली की नवीन घ्यावं, असा माझा धंद्यातला अंदाज आहे. अलॉयचं गणित वेगळं असतं. नवीन अलॉय महाग, म्हणून दुरुस्तीचा मोह होतो. तिथे तिसरीही वाट असते, जी दुकानदार आपणहून सांगत नाहीत. त्याच गाडीच्या साध्या मॉडेलला त्याच मापाची लोखंडी रिम येते का ते विचारा. बऱ्याच गाड्यांना येते. दिसायला साधी, थोडी जड, पण आपल्या रस्त्यांना सोसणारी. गटाच्या गाडीला चकाकी कशाला हवी? हे माझं मत झालं. ज्यांची मुलं लग्नसराईत गाडी भाड्याने देतात त्यांचं वेगळं असेल.

दुरुस्ती करायचं ठरलं तर गटातल्या एकीने तरी तिथे उभं राहावं. मशीन कळायला हवं असं नाही, तीन-चार गोष्टी बघितल्या तरी पुरे. टायर पूर्ण उतरवून काम करतायत ना. रिम आधी फिरवून मोजली ना, आणि काम झाल्यावर पुन्हा मोजून दाखवली ना. लोखंडी काठ घणाने सरळ करणं चालतं, पण हायड्रॉलिक प्रेसने हळू दाबून केलेलं काम सरस, कारण काठावर घणाचे खड्डे उरत नाहीत आणि टायर नीट बसतो.

अलॉयवर मात्र गॅसची ज्योत धरली की हात जोडून थांबवा. लोहार लोखंड तापवतो तेव्हा ते लाल होतं, आणि त्या रंगावरून त्याला कळतं कधी ठोकायचं, कधी थांबायचं. अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन दाखवत नाही. वितळायच्या जवळ आलं तरी ते दिवसाउजेडी जसंच्या तसं दिसतं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, लोखंड 1,500च्या पुढे, आणि मॅकव्हीलचं मिश्रण तर 660च्याही आधी मऊ पडतं. म्हणजे उघड्या ज्योतीवर अलॉय किती तापलं हे त्या माणसालाही कळत नसतं. वाकणं सरळ होईल, पण कडकपणा गेलेला असेल, आणि पुढच्याच खड्ड्यात तीच जागा दगा देईल. नीट काम करणारे मोजून, मर्यादित ऊब देतात आणि प्रेसने सरळ करतात.

काम झाल्यावर टायर चढवून काठाला साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला नाही पाहिजे. मग बॅलन्सिंग. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी हवा मोजायची.

नवीन किंवा जुन्या बाजारातली रिम घेताना माप जुळवणं ही वेगळी डोकेदुखी आहे. रिमवर आतल्या बाजूला 13 × 5 असे आकडे कोरलेले असतात, म्हणजे 13 इंच व्यास, 5 इंच रुंदी. एवढं जुळलं म्हणजे झालं नाही. बोल्टची भोकं किती, त्यांचा घेर केवढा, मधलं मोठं भोक केवढं, आणि ताटली आत किती बसलेली आहे, हे सगळं जुळावं लागतं. ताटलीची खोली चुकली तर चाक ब्रेकला नाहीतर मडगार्डला घासतं. सोपी रीत म्हणजे जुनी रिम सोबत न्यायची आणि शेजारी ठेवून मापायची. अलॉय काढून लोखंडी घेत असाल तर नटही विचारा, काही गाड्यांत दोन्हींचे नट वेगळे असतात आणि चुकीचा नट घट्ट वाटला तरी बसलेला नसतो. नव्या रिमवर भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का बघा, चाकांच्या रिमसाठी आयएस 16192 हे मानक आहे. जुनी घेत असाल तर वर सांगितलेली खडूची परीक्षा तिलाही करा. नव्याने रंगवलेल्या जुन्या रिमचा मला नेहमी संशय येतो, रंगाखाली काय आहे कोण जाणे.

चाक बसवताना नट एका ओळीने आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, फुली काढल्यासारखे. आणि 50 ते 100 किलोमीटर गाडी चालली की पान्हा लावून पुन्हा एकदा बघायचे. हे सांगूनही दहातले नऊ जण करत नाहीत.

विम्याचं पुष्कळ जणी विचारतात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या चाकाचे पैसे मिळत नाहीत. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तरी हिशोब करून बघा. समजा घरगुती वापराची गाडी 6 वर्षं जुनी आहे आणि रिम 2,000 रुपयांची. पाच वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर कंपनी 40 टक्के घसारा कापते. राहिले 1,200. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये आपण सोसायचे असतात. हातात आले 200. आणि त्या 200 रुपयांसाठी क्लेम केला की नो क्लेम बोनस गेला, जो पहिल्या वर्षी 20 टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांनी 50 टक्क्यांपर्यंत जातो. एका रिमसाठी क्लेम करणं म्हणजे रुपया द्यायचा आणि चवली घ्यायची. अपघात मोठा असेल, चाकाबरोबर सस्पेन्शन, बंपर गेलं असेल, तर मात्र जरूर करा, आणि दुरुस्तीला हात लावायच्या आधी कंपनीला कळवा. भाड्याच्या आणि मालवाहू गाड्यांचे नियम वेगळे आहेत, ते पॉलिसीच्या कागदावर बघून घ्या.

पुन्हा वाकू नये म्हणून काय करायचं, ते थोडक्यात. हवा थंड टायरमध्ये, गाडीच्या दारावरच्या चिकटपट्टीवर लिहिलीय तेवढी. हवा कमी असली की खड्ड्याची धार सरळ रिमला लागते. वेग 40चा 60 केला तर आदळण्याचा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. खड्डा दिसला तर ब्रेक आधी दाबायचा आणि चाक खड्ड्यात उतरताना सोडायचा. दाबून धरला तर गाडीचं नाक खाली वाकलेलं असतं आणि सगळा मार पुढच्या चाकावर पडतो. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते कळत नाही, तिथे बैलगाडीच्या चालीने जायचं.

राहिला ड्रायव्हर. काही गटांत असा ठराव आहे की गाडीचं नुकसान झालं की ड्रायव्हरच्या पगारातून कापायचं. ठराव करणाऱ्यांचा राग मला समजतो. पण त्याचा परिणाम असा होतो की खड्ड्यात गाडी आदळली तरी तो सांगत नाही. गुपचूप कुठेतरी काठ ठोकून घेतो, नाहीतर ट्यूब टाकून घेतो, आणि आपल्याला महिन्यांनी कळतं. दारू पिऊन, मस्तीत गाडी हाकली असेल तर कापा. रस्त्याच्या खड्ड्यासाठी कापू नका. उलट गटाच्या वहीत एक पान चाकांसाठी ठेवा. कोणत्या तारखेला कोणतं चाक आदळलं, कुठे दुरुस्त केलं, काय खर्च आला. स्टेपनीचंही लिहा. वाकलेली रिम स्टेपनीत टाकून ठेवायची फार सवय असते, आणि मग रात्री आडरानात जे चाक बदलून लावायचं तेच हवा नसलेलं निघतं.

शेवटी एका ताईंनी विचारलंय, बाद झालेल्या रिमचं काय करायचं. भंगारात द्या, लोखंडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा भाव मिळेल, अ‍ॅल्युमिनियमचा चांगला मिळतो. पण तडा गेलेली रिम अख्खी देऊ नका. ग्राइंडरने काठावर एक आरपार चीर पाडून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. अख्खी दिली तर ती सांधून, रंगवून पुन्हा बाजारात येते, आणि दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या गटाची बाई ती स्वस्त मिळाली म्हणून घेऊन जाते.